उमाकांतनं घासलेलं हेड

ब्राह्मणपुरीच्या उमाकांत पाटलाची मोटरसायकल शंभर सीसीची होती आणि उमाकांत शंभर किलोचा. या दोन शंभरांचा एकमेकांशी काही संबंध असू शकतो, हे त्या घरात कधी कुणाच्या डोक्यात आलं नाही. कर्त्या पुरुषाच्या पोटाकडे बघून बोलायची आपल्याकडे पद्धतच नाही. उलट त्याची आई जमनाबाई दर चार दिवसांनी त्याच्याकडे बघून "पोऱ्या वाळी गया वं माय" म्हणायची आणि ताटात आणखी एक भाकर सरकवायची. त्यामुळे घाटात गाडी बंद पडली की दोष गाडीचा, हे ठरलेलं होतं.

आणि घाटात गाडी बंद पडायचीच. दर महाशिवरात्रीला उमाकांत आणि त्याची बायको यामिनी तोरणमाळला जायचे. म्हसावद गेलं, राणीपूर गेलं, की सातपुडा समोर येतो आणि रस्ता वळणं घेत वर चढायला लागतो. पहिली वळणं गाडी कशीबशी ओढायची, मग कण्हायची, मग गप्प व्हायची. मग यामिनी खाली उतरायची आणि नव्या साडीच्या निऱ्या हातात धरून चढ चढायची. उमाकांत एकटा गाडीवरून पुढच्या वळणावर जाऊन तिची वाट बघत उभा राहायचा. त्या दिवशी अर्धा शहादा तालुका त्याच घाटात असतो. कोण गाडीवर आणि कोण पायी, हे सगळ्यांना दिसतं आणि सगळ्यांच्या लक्षातही राहतं.

गेल्या वर्षी तर कहर झाला. यामिनीची धाकटी बहीण रिना म्हसावदला दिलेली. तिच्या नवऱ्यानं, धर्मेंद्रनं, नवी साडेतीनशे सीसीची धडधड्या आवाजाची गाडी घेतली होती. यामिनी घामाघूम होऊन चढत असताना ती गाडी मागून आली, तिच्याशेजारी हळू झाली, आणि मागे बसलेली रिना मोबाइल पुढे धरून ओरडली, "ताई, चाल चाल! चालाना व्यायाम चांगला ऱ्हास वं!" तो व्हिडिओ संध्याकाळच्या आत माहेरच्या ग्रुपवर पडला. सुरतेच्या काकूनं त्याच्यावर टाळ्या वाजवणारे हात टाकले. एक टाकला असता तर चाललं असतं, बाईनं ओळभर टाकले.

यामिनी घरी आली. हातपाय धुतले, चहा टाकला, आणि मग कपात ओतता ओतता म्हणाली, "देखा, मी एकच सांगस. पुढना वरीसले मी उतराव नही. गाडी बंद पडनी ते मी धर्मेंद्रभाऊनी गाडीवर बसीसन वर जासू. आनि मंग दर वरीसले त्यास्नाच गाडीवर जासू."

उमाकांतला हे चालणार नव्हतं. वर्षातून हा एकच दिवस असा होता की तो आणि यामिनी, दोघंच, घरातून निघायचे. बाकीचं वर्ष पपई, केळी, पाण्याच्या पाळ्या, आणि आईचे गुडघे. तो एक दिवस साडूच्या गाडीवर बसून निघून जाणार, ही कल्पनाच त्याला सोसेना. तो उभा राहिला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "तुले उतरनं पडाव नही. मन्हा शबूद शे."

शब्द तर दिला. या विचारात वर्ष सरत आलं, महाशिवरात्र महिन्यावर आली; आता गाडी कशी चढवायची?

शहाद्याच्या मिस्त्रीनं गाडीभोवती एक फेरी मारली, मग उमाकांतभोवती एक मारली, आणि म्हणाला की नवी मोठी गाडी घ्या. आता हे सांगायला मिस्त्री कशाला पाहिजे? उमाकांत तणतणत घरी आला आणि मोबाइल घेऊन खाटेवर आडवा झाला. आणि त्याला तो पंजाबचा पोऱ्या सापडला. हा पोऱ्या आपल्या घराच्या अंगणात बसून मोटरसायकलींची हेडं घासायचा आणि त्याचे व्हिडिओ टाकायचा. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं डोकं. त्यात दोन नळ्या असतात. एकीतून पेट्रोल मिसळलेली हवा आत येते, दुसरीतून जळका धूर बाहेर जातो. कंपनीत ओतकाम करताना या नळ्यांच्या आत कुठे गुठळी राहते, कुठे धार राहते. ती घासून काढली की हवेची वाट मोकळी होते आणि गाडी जास्त ताकद देते, असं तो पोऱ्या सांगत होता आणि हातातलं हेड कॅमेऱ्यासमोर फिरवून दाखवत होता.

उमाकांत ताडकन उठून बसला. अरे, हे तर ठिबक! गावातल्या निम्म्या शेतांतलं ठिबक त्यानं टाकलेलं होतं. पाइप लहान असेल तर पाणी पोहोचत नाही, मोठा टाकला की धो धो. त्याचा देवानंतर पाइपावरच विश्वास होता. पाण्याला जे लागू, ते हवेला का नाही? त्याच दिवशी त्यानं ठरवलं की हेड घरीच घासायचं.

पुढच्या रविवारी ओट्यावर जुनी सतरंजी अंथरली गेली. गाडी उघडली. प्रत्येक बोल्ट काढण्याआधी त्यानं मोबाइलवर त्याचा फोटो काढला, त्यामुळे यामिनीच्या भाच्याच्या बारशाचे फोटो बघायला गेलं की मध्येच बोल्ट यायला लागले. हेड हातात आलं तेव्हा ते काळंकुट्ट, तेलकट, आणि खरं सांगायचं तर फारच लहान दिसलं. या एवढ्याशा जिनसापायी आपली बायको घाटात पायी चालते, याचा त्याला राग आला.

जमनाबाई ओट्याच्या दुसऱ्या टोकाला खाटेवर बिबडे वाळत घालत होती. ज्वारीच्या पिठाचे हे पापड म्हणजे तिचं वर्षाचं काम, त्यात कुणी बोट घातलेलं तिला चालायचं नाही. ती मान वर करून म्हणाली, "काय करी ऱ्हायना रे उमा?"

"हेड घासी ऱ्हायनू, माय. हवा जावाना रस्ता आखडेल शे, तो मोकळा करना शे."

"गाडीले दमा शे का?"

"तसंच समज."

"मंग ओवाना काढा दे ना," जमनाबाई म्हणाली आणि पुन्हा बिबड्यांकडे वळली.

घासायला पोऱ्याकडे विजेचं नाजूक यंत्र होतं. उमाकांतकडे पीव्हीसीच्या पाइपाला भोकं पाडायचं ड्रिल होतं. त्यानं त्यालाच छोटा गोल दगड बसवला आणि धूर बाहेर जातो ती नळी आधी घ्यायला सुरुवात केली. जो काही किंचाळा उठला म्हणता! शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडायला बघायला लागली. ॲल्युमिनियमची रुपेरी पूड हवेत उडाली, वाऱ्यानं तिनं खाट गाठली, आणि जमनाबाईचे अर्धे बिबडे लग्नातल्या मिठाईसारखे चमकायला लागले. त्यावर त्या घरात जे बोलणं झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. यामिनीनं चमकते बिबडे वेगळ्या डब्यात भरले आणि म्हणाली, "हाई आते गाडीलेच खावाड्या."

पण उमाकांतनं हार मानली नाही. दगडानं, मग जाड पॉलिश पेपरनं, मग बारीक पॉलिश पेपर काठीला गुंडाळून, त्यानं ती नळी इतकी गुळगुळीत केली की आत बोट फिरवलं की कुठे अडेना. संध्याकाळी यामिनी जवळ येऊन बसली. त्यानं सांगितलं म्हणून तिनं मोबाइलचा उजेड नळीत धरला. दोघांनी डोकी एकमेकांना लावून आत पाहिलं.

"कितलं गुयगुयीत करं वं माय," यामिनी म्हणाली. तिनं त्याच्या कामाचं कौतुक करून किती वर्षं झाली होती! उमाकांतला इतकं बरं वाटलं की त्यानं ती नळी उगाच आणखी थोडी घासली.

दुसऱ्या, हवा आत येते त्या नळीचं मात्र तंत्र वेगळं. पोऱ्यानं चारचारदा बजावलं होतं की ही नळी आतून थोडी खरखरीतच ठेवायची. भिंत गुळगुळीत असली तर पेट्रोलचे थेंब तिला चिकटून ओघळतात. खरखरीत असली तर ते हवेत घुसळत राहतात. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी उमाकांतनं तिच्यातल्या फक्त गुठळ्या काढल्या, मोजून मापून, हात राखून, आणि ती तशीच सोडली. खरं तर तिथंच थांबला असता तर गोष्टही तिथंच थांबली असती. हेड ओट्याच्या कोनाड्यात फडक्यावर ठेवून तो पपईला पाणी द्यायला शेतात गेला.

दुपारी परत आला तर कोनाड्यात उजेड पडलेला. हेड आतून बाहेरून झळझळत होतं. आणि ती दुसरी नळी, खरखरीत ठेवलेली, तिच्यात चेहरा दिसत होता.

"माय!" उमाकांत ओरडला. "हाई काय करं तू?"

"काय करं म्हंजे? चिच आन् राख लाईसन घासं," जमनाबाई आतून म्हणाली. "लगननी पत्रिका लईसन पाव्हना येवाना शेतस. वट्टावर असं मळेल भांडं कोनी ठेवस का?"

"हाई भांडं नही, माय!"

"आतमा पोकळ शे, दोन तोंडं शेतस. भांडं नही ते काय शे?" मग ती बाहेर आली आणि पदराला हात पुसत त्याच्यावरच घसरली. "आनि एक नळी घासी, दुसरी तशीच सोडी दिनी! ल्हानपनपाशीन तुन्हं असंच शे. अर्धं काम करीसन उठी जास. मन्हा हात मोडी गयात ती नळी घासता घासता."

आता हिला पेट्रोलचे थेंब कसे समजावणार? उमाकांतनं सतरंजीवर बसकण मारली. बायको बघत होती, आई बघत होती, आणि पाहुण्यांची जीप तर दारातच उभी राहत होती. पाहुण्यांपैकी एकानं हेड हातात घेतलं आणि चांदीचं आहे का म्हणून विचारलं. जमनाबाईचा चेहरा उजळला.

पाहुणे गेल्यावर उमाकांतनं पुन्हा ड्रिल काढलं. गुळगुळीत नळी परत खरखरीत करायची होती. त्यानं दगड फिरवला. एका बाजूला जास्त घासलं गेलं, म्हणून दुसऱ्या बाजूला तेवढंच घासलं. मग खालची बाजू वरच्याला जुळेना, म्हणून ती घेतली. मग सगळीकडून सारखं झालं पण चरे फार खोल दिसायला लागले, म्हणून ते काढले. शेवटी नळी हवी तशी खरखरीत झाली खरी, पण आधी जिच्यात एक बोट जेमतेम जायचं तिच्यात आता अंगठाही सुखानं जात होता. उमाकांत क्षणभर चपापला. मग त्याच्यातला ठिबकवाला जागा झाला. बिघडलं काय? पाइप मोठा झाला! जेवढा मोठा तेवढी हवा जास्त! माय, तुझ्या हातून देवानंच करून घेतलं म्हणायचं. असं मनाचं समाधान करून त्यानं व्हॉल्व्ह बसवले, नवं गास्केट घातलं, मोबाइलमधले फोटो उलट्या क्रमानं बघत सगळे बोल्ट आवळले, आणि किक मारली.

गाडी सुरू झाली आणि लगेच बंद पडली. पुन्हा मारली, पुन्हा तेच. रेस धरून ठेवली तेव्हा कुठे चालू राहिली, आणि रेस वाढवली तर असा आवाज निघाला की गल्लीतली कुत्री आधी भुंकली आणि मग गप्प बसली. उमाकांत म्हसावदच्या रस्त्याला लागला. सुरुवातीला गाडी मेल्यासारखी होती. पण एकदा रेस पूर्ण पिळली आणि इंजिन वरच्या सुरात गेलं, की गाडी अशी सुटली की त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. या गाडीवर डोळ्यांतून पाणी त्याला आजवर फक्त दुरुस्तीच्या वेळी आलं होतं. तो एकटाच जोरानं हसला.

इथं त्याची चूक झाली, आणि ती सपाटीवरच्या माणसाचीच चूक. ब्राह्मणपुरीत चढ म्हणजे पाटावरचा पूल. तिथं गाडी तपासून घाटाचं काय कळणार? मागे यामिनीला बसवून बघावं हेही त्याच्या मनात आलं नाही, कारण तिला त्याच दिवशी चकित करायचं होतं. पाइप मोठा केला की पाणी जास्त येतं, हे खरं. पण पंप तोच राहिला तर त्या पाण्याला जोर उरत नाही, हे शेतात रोज डोळ्यांनी बघणारा माणूस हेड घासताना साफ विसरला. हवेचंही तेच झालं. इंजिन जोरात फिरत असलं तर गाडी वाघ, आणि ते हळू झालं की शेळी.

महाशिवरात्रीच्या सकाळी यामिनी नवी मोरपंखी साडी नेसून मागे बसली. जमनाबाईनं गाडीला कुंकू लावलं. म्हसावदच्या चौकात धर्मेंद्र आणि रिना चहा पीत होते. रिनानं दुरूनच मोबाइल उंच धरून दाखवला आणि ओरडली, "ताई, चप्पल मजबूत घाली का?"

"तू फोन चार्ज करी ठेव," यामिनी म्हणाली. उमाकांतनं रेस पिळली. चहावाल्याच्या हातातलं पातेलं हललं. धर्मेंद्र कप तोंडाशी धरून बघतच राहिला. यामिनीनं उमाकांतच्या पाठीवर थाप मारली आणि त्याची छाती वीतभर फुगली. तिथून पुढचे कोस त्यानं राजासारखे काढले.

घाटाचं पहिलं वळण आलं. गाडी किंचाळत चढली. यामिनी मागे "अरे वा, अरे वा" करत होती. दुसरं वळणही आलं. गाडी चढत होती. आणि तिसऱ्याच्या तोंडाशी, माणसांनी खचाखच भरलेली एक जीप पुढे अडली. तिच्या मागे उमाकांतला रेस कमी करावी लागली, एवढंच. इंजिनाचा सूर खाली आला आणि गाडीतला जीवच गेला. तिनं दोन गचके दिले, एक ढेकर दिली, आणि ती उभी राहिली. उमाकांतनं दोन्ही पाय जमिनीवर रोवले म्हणून मागे घरंगळली नाही.

जीप पुढे निघून गेली. उमाकांतनं किक मारली. गाडी सुरू झाली, हातभर सरकली, मेली. पुन्हा मारली, पुन्हा हातभर. कडेनं चालत जाणारे लोक थांबून बघायला लागले. एका म्हातारीनं हरहर महादेव म्हटलं, ते नक्की कशासाठी ते कळलं नाही.

यामिनी मागे ताठ बसून होती. "मी उतराव नही," ती हळूच म्हणाली. रागानं नाही म्हणाली. रडू येईल अशा आवाजात म्हणाली.

"नको उतरू," तो म्हणाला.

आणि खालच्या वळणाकडून धडधड ऐकू यायला लागली. धर्मेंद्रची गाडी. मागे रिना, रिनाच्या हातात मोबाइल. एकदा ती इथं पोहोचली की संपलं. यामिनी उतरणार, त्या गाडीवर चढणार, आणि पुढच्या सगळ्या महाशिवरात्री तिकडेच जाणार. उमाकांतनं गाडीकडे पाहिलं. पुढे चढ पाहिला. मग त्यानं मान खाली घालून पाहिलं, आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा आपलं पोट टाकीवर ठेवलेलं दिसलं. ते तिथं किती वर्षं होतं कोण जाणे.

गाडीवरून कुणीतरी उतरल्याशिवाय गाडी हलणार नव्हती. आणि यामिनीला उतरायचं नव्हतं. शब्द त्यानं दिला होता.

"धरीसन बठ," तो म्हणाला आणि हँडलचा ब्रेक दाबून धरतच उतरला.

मागचे शॉकअप सुस्कारा टाकून वर आले. यामिनी डोळे मोठे करून बघत होती. "तुमी कसाले उतरनात?"

"तुले उतरनं पडाव नही म्हनीसन. पुढे सरक. माहेरले बापनी गाडी कोन चालाडे?"

"मीच चालाडू!" यामिनी म्हणाली. आणि हे खरं होतं. बापाच्या गाडीवरून ती डेअरीला दूध घालायला जायची. सासरी आल्यावर हँडल कुणी हातात दिलं नाही आणि तिनंही मागितलं नाही. तिनं पदर कमरेला खोचला, पुढे सरकली, आणि किक अशी मारली की उमाकांत दोन पावलं मागे झाला.

"रेस कमी करू नको!" तो ओरडला. "काही बी व्हवो, रेस कमी करू नको! सूर खाल उना ते मरी जाई!"

यामिनीनं रेस कमी केली नाही. तिनं आयुष्यात जेवढं म्हणून मन मारलं होतं तेवढं सगळं त्या मुठीत पिळलं. अर्ध्या वजनाची झालेली गाडी एकदम वरच्या सुरात गेली, पुढचं चाक जरासं उचललं, आणि मोरपंखी साडी वळणाच्या पलीकडे दिसेनाशी झाली. नुसता आवाज उरला, आणि त्या आवाजावर चढलेला यामिनीचा "ओ माय वंऽऽ" असा एक हाकारा. तो भीतीचा नव्हता.

धर्मेंद्रची गाडी येऊन थांबली. रिनानं मोबाइल चालू करूनच धरला होता. त्यात तिला घाम पुसत एकटाच चालणारा जिजाजी दिसला. "जिजाजी! ताई कोठे शे?"

"वर गयी."

"कोनासंगे?"

"गाडीसंगे," उमाकांत म्हणाला आणि चालत राहिला.

रिना पुढचं विचारणार तेवढ्यात वरून तो किंचाळा परत येताना ऐकू आला. यामिनी वळण घेऊन खाली येत होती. केस सुटलेले, कुंकू कपाळभर पसरलेलं, दात सगळे बाहेर. गाडी थांबवली तर मरेल म्हणून तिनं रुंद जागी त्या तिघांभोवती एक गोल चक्कर मारलं, मग क्लच दाबून, रेस तशीच ठेवून, पाय टेकले. "मज्जा ई ऱ्हायनी वं रिना!" ती इंजिनाच्या वर ओरडली. "बठ!"

रिनानं धर्मेंद्रकडे पाहिलं. धर्मेंद्र "अवं, पन" इतकंच म्हणाला. तिनं मोबाइल उमाकांतच्या हातात कोंबला, नव्या कोऱ्या साडेतीनशे सीसीच्या गाडीवरून खाली उडी मारली आणि ताईच्या मागे जाऊन बसली. दोघी बहिणी मिळून उमाकांतएवढ्या भरायच्या. गाडी जराशी खोकली, यामिनीनं मूठ पिळली, आणि दोघी गेल्या. घाटातले पायी जाणारे लोक कडेला सरून टाळ्या वाजवायला लागले.

दोघे साडू रस्त्यात उभे राहिले. धर्मेंद्रनं मागच्या सीटवर थाप मारली. "बठा साडूभाऊ," तो म्हणाला.

आणि उमाकांत, ज्यानं वर्षभर आपली बायको या गाडीवर बसू नये म्हणून जिवाचं रान केलं होतं, तो स्वतः तिच्यावर बसला. सीट मऊ होती. गाडी धडधडत शांतपणे चढायला लागली. वरच्या वळणांवरून त्या दोघींचं हसणं खाली येत होतं, कधी जवळ, कधी लांब. यामिनी असं हसलेली त्यानं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच ऐकली होती. त्याला इतका आनंद झाला की साडूच्या खांद्यावर ठेवलेला हात त्यानं नकळत दाबला.

धर्मेंद्रनं दोन वळणं चढवली. मग त्यानं मान जराशी मागे वळवली.

"साडूभाऊ, ते हेड कोनी घासं?"

"मी," उमाकांत म्हणाला. "घरले बठीसन."

"मन्हा गाडीनं बी घासी देशी का?"

"तुन्ही गाडी ते नवी शे. तिले काय व्हयनं?"

धर्मेंद्रनं पुढच्या वळणासाठी गिअर बदलला.

"मन्ही बायको भर घाटमा उतरी गयी ना, भो," तो म्हणाला.

उमाकांतनं खाली बघितलं. त्याच्या हातातल्या रिनाच्या मोबाइलवर व्हिडिओ अजून चालूच होता, आणि त्यात इतका वेळ फक्त धर्मेंद्रची पाठ दिसत होती.